सावरखिंडीला न निघालेला कारखाना

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय, भोरकडची हवा कशी काय?" हवा उत्तम आहे. हवेविषयी माझी काडीची तक्रार नाही. माघातल्या सकाळी डोंगरावरून धुके हळूहळू खाली उतरते, ओढ्यांना अजून पाणी असते, आंबेमोहराचा भात शिजत असला की त्याचा वास रस्त्यावर येतो, आणि गरिबातला गरीब माणूसही पाण्याच्या तांब्याबरोबर गुळाचा खडा पुढे केल्याशिवाय राहत नाही. तक्रार आहे ती बाकी सगळ्याविषयी, आणि ती सविस्तर सांगितल्याशिवाय माझे डोके शांत होणार नाही.

मी काड्यापेट्यांच्या कारखान्यात नोकरीला आहे. काडीच्या टोकाला जो गूल असतो तो कालवायचा, वाळवायचा आणि तो भलत्या वेळी पेटणार नाही याची काळजी घ्यायची, हे माझे काम. आमचे मालक प्राणजीवन शेट मुंबईचे. त्यांना आणखी एक कारखाना काढायचा होता. काडीला लाकूड लागते मऊ, पांढरे आणि बिनगाठीचे. ते सावरीचे असते, आणि भोर-वेल्ह्याच्या डोंगरात सावरी भरपूर आहेत. मुंबईला नवे मंत्री आल्यापासून जो तो ग्रामोद्योगावर बोलू लागला आहे. त्या वाऱ्याने भोर संस्थानातही एक उद्योगाधिकारी नेमला गेला आणि त्यांनी शेटजींना आवतण धाडले: या, जमीन देतो, कर माफ करतो, पाणी आहे, लाकूड आहे, माणसे आहेत. शेटजींनी मला बरोबर घेतले. लाकूड मला कळते आणि मराठी मला येते, म्हणून.

कापूरहोळ

कात्रजच्या घाटात शेटजींची मोटार तापली, त्याविषयी लिहीत नाही. कात्रजच्या घाटात मोटार तापणे हा प्रवास नव्हे, तो रिवाज आहे.

कापूरहोळला भोरचा रस्ता सातारच्या रस्त्यापासून फुटतो. फाट्यावर चहाचे दुकान आहे. चहा चांगला होता, फक्त त्यात साखर इतकी होती की शेटजींसारखा गुजराती माणूससुद्धा मागे सरला. दुकानदाराने आमच्या टोप्या, आमची मोटार आणि शेटजींची काठी न्याहाळून विचारले, "भोरला निगालाय?"

मी हो म्हटले.

"दरबारचं पावणं?"

मी पुन्हा हो म्हटले.

"मंग हितं काय तरी खाऊन जावा. तितं जेवाण झ्याक आसतंय, पर आदी भाषान आसतंय."

मी हसलो आणि काही न खाता मोटारीत बसलो. तो माणूस अनुभवाने बोलत होता हे मला दुपारी पटले.

भोर

वेशीवर आंब्याच्या पानांची कमान होती. सनई होती. उद्योगाधिकारी तात्यासाहेब स्वतः हार घेऊन उभे होते. गोरेपान, ठेंगणे, सतत घाईत असलेले गृहस्थ. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. आपल्या मुलखात धुराडे उभे राहावे म्हणून इतकी जिवापाड धडपड करणारा अधिकारी मी दुसरा पाहिला नाही. फक्त त्यांची धडपड नेहमी मुद्द्याच्या चार पावले बाजूने जात असे.

मंडपात पंचक्रोशीतले प्रतिष्ठित लोक बसले होते. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे अख्खा घाणा होता. आधी प्रार्थना, मग स्वागतपर पद्य, मग तात्यासाहेबांचे भाषण, मग तात्यासाहेबांचे भाषण किती उत्तम झाले यावर एका वकिलांचे भाषण. शेटजींना या सगळ्यातले फारसे समजत नव्हते. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "दामले, हे लोक कारखान्याचं बोलतात की कोणाच्या लग्नाचं?"

पुण्यात आम्हीही सभा भरवतो, आणि लांबवतोही. पण आमच्याकडे निदान मधेच उठून कोणीतरी विरोध करतो, त्यामुळे झोप लागत नाही. इथे सगळ्यांचे एकमत होते.

जेवण मात्र खरोखर झ्याक होते. वाफाळता भात, त्यावर तूप, भरली वांगी आणि शेवटी घट्ट मठ्ठा. जेवता जेवता शेटजींनी आपले तीन प्रश्न विचारले, आणि माझ्या मते त्या दिवसातले कामाचे बोलणे तेवढेच. लाकूड किती, पाणी किती, माणसे किती. लाकडाचे मी डोंगरात जाऊन पाहणार होतो. पाणी भाटघरच्या धरणाचे डोळ्यांनी दिसत होते. राहता राहिली माणसे.

"माणसांची चिंताच नको," तात्यासाहेब म्हणाले. "खोऱ्यात धट्टेकट्टे मावळे आहेत, आणि काम म्हणाल तर भात निघाल्यावर कोणाला काही नाही. म्हणून तर मुंबईला पळतात. परवा आपण सावरखिंडीला जाऊ तेव्हा सगळा कर्ता गडी तुमच्यासमोर उभा करतो. दवंडी पिटवायला सांगितले आहे."

शेटजींनी मान डोलावली. दवंडीत काय पिटले जाणार आहे, हे विचारावे असे आम्हा दोघांपैकी कोणालाही सुचले नाही.

आंबवडे

दुसऱ्या दिवशी आम्हाला आंबवड्याला नेले. कशासाठी, ते मला आजतागायत कळलेले नाही. तिथे सावरी नाहीत. तिथे सुंदर देऊळ आहे, गर्द झाडी आहे, थंड पाण्याचे टाके आहे आणि ओढ्यावर एक झुलता पूल आहे. हा पूल म्हणजे तात्यासाहेबांच्या अभिमानाचा विषय. "आमच्या मुलखात काय काय होऊ शकते ते यावरून दिसेल," असे म्हणून ते शेटजींना हाताला धरून पुलावर घेऊन गेले.

पूल झुलता आहे, म्हणजे तो झुलतो. शेटजींचे वजन आणि तात्यासाहेबांचा उत्साह एकाच वेळी पडल्यावर तो जास्तच झुलला. मध्यावर जाऊन शेटजी दोन्ही हातांनी तारा धरून उभे राहिले, पुढेही जाईनात आणि मागेही येईनात. शेवटी देवळातले गुरव आले आणि त्यांनी "डोळं मिटा शेट, म्या हाय" असे म्हणत त्यांना गाईला गोठ्यात न्यावे तसे पलीकडे नेले. पलीकडे गेल्यावर तात्यासाहेबांनी कारखान्यासाठी पहिली जागा म्हणून देवळामागचे माळरान दाखवले.

शेटजी देवभोळे. त्यांनी महादेवाला हात जोडले आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "गंधकाचा धूर इथे, भगवानच्या नाकासमोर?"

झाले. परत पुलावरून यायचे नाही म्हणून शेटजी ओढ्यात उतरून चिखलातून अलीकडे आले, त्यात त्यांचा एक पंप-शू वाहून गेला आणि तो शोधण्यात दुपार गेली. सापडला नाही. मला कोणी विचारले असते तर मी सांगितले असते की गिऱ्हाइकाला आधी माल दाखवावा आणि मग देऊळ. पण मला कोणी विचारले नाही.

सावरखिंड

तिसऱ्या दिवशी मात्र आम्ही खऱ्या जागेकडे निघालो. धरणाच्या पाण्याच्या कडेने मोटार जाईल तितकी गेली. पुढे दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी होती. खाली निळे पाणी, वर तोरण्याच्या बाजूने एकामागे एक सरकणारे डोंगर आणि उतारावर जिकडेतिकडे सावरी. पाने झडलेली, फांद्यांच्या टोकांना लालबुंद फुले. मी दमणीतून उतरून एका झाडाची ढलपी काढली. पांढरी, मऊ, सरळ धाग्याची. अशा लाकडाच्या काड्या केल्या तर त्या पेटीत मोडणार नाहीत. तीन दिवसांत पहिल्यांदा माझे मन प्रसन्न झाले, आणि शेटजींचेही. नव्या चपला घातलेल्या असूनही ते "सरस, सरस" म्हणत होते.

सावरखिंड हे गाव खिंडीच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत आहे. कौलारू आणि गवती छपरे, मध्ये चावडी, चावडीपुढे पार. पारावर खुर्च्या मांडलेल्या. आणि खुर्च्यांसमोर, जिथे सगळा कर्ता गडी उभा असायला हवा होता, तिथे चार म्हातारे, एक आंधळे आजोबा आणि बरीचशी नागडीउघडी पोरे.

तात्यासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी पाटलांना बोलावले. सखाराम पाटील पन्नाशीचे, अंगाने दणकट, पण त्या क्षणी ते आपल्याच फेट्यात दडायला जागा शोधत असल्यासारखे दिसत होते.

"पाटील, दवंडी दिली होती ना?"

"दिली व्हती जी. दोन डाव दिली."

"मग माणसे कुठे आहेत?"

तेवढ्यात शेटजींनीच आपल्या मुंबईच्या मराठीत विचारले, "पाटील, मजूर किती भेटेल? ओझा उचलणारा, ताकदवाला?"

पाटलांच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला रंग गेला. तेव्हा मला त्याचे कारण कळले नाही. त्यांनी एकदा डोंगराकडे पाहिले, एकदा म्हाताऱ्यांकडे, आणि मग ठामपणे म्हणाले, "ताकदीचं कुनी न्हाई, शेट. समदी मानसं ममईला गेल्यात."

"समदी?"

"समदी. हितं निस्ती म्हातारी कोतारी ऱ्हायली."

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. आंधळे आजोबा तर खोकूनही दाखवू लागले.

तात्यासाहेब कारखान्याविषयीचे भाषण तयार करून आले होते. ते त्यांनी खिशातून काढले, समोरच्या पोरांकडे पाहिले आणि परत खिशात घातले. शेटजी उठले. दमणीकडे जाताना ते तात्यासाहेबांना म्हणाले, "तुमचा माणूस मुंबईला, आणि कारखाना इथे काढू? असा उलटा धंदा मी कशाला करू? जिथे माणूस तिथेच कारखाना. मी मुंबईलाच काढतो." आणि मला म्हणाले, "दामले, तुम्ही आलाच आहात तर थांबा, लाकूड नीट बघून घ्या. लाकूड तिकडे नेता येईल."

म्हणजे माणसेही मुंबईला आणि झाडेही मुंबईला. दमणी धूळ उडवत निघून गेली आणि मी चावडीपुढे एकटा उभा राहिलो. मला राग नेमका कोणाचा आला होता ते सांगता येत नाही. सगळ्यांचाच आला होता.

पाटलांनी मला घरी नेले. नाचणीची भाकरी, हुलग्याचे पिठले, लसणीची चटणी आणि ताक. रागाच्या पोटीसुद्धा मी दोन भाकरी खाल्ल्या. वाढायला पाटलांची भावजय होती, हौसाबाई. तिशीतली, काटक बाई. डोक्यावरचा पदर सारखा पुढे ओढत होती, पण भाकरी वाढताना माझ्याकडे असे पाहत होती की तिला काही विचारायचे आहे हे कोणालाही कळावे. पाटील हात धुवायला बाहेर गेले तशी ती दाराआडून म्हणाली, "सायेब, त्ये जाडं शेट मानसं न्यायला आलतं, तर आता पुना कवा येनार?"

"न्यायला नव्हते आले, बाई," मी म्हणालो. "इथे कारखाना काढायला आले होते. काड्यापेट्यांचा. गड्यांना काम, बायकांना पेट्या भरायचे काम. आता नाही येणार ते. माणसेच नाहीत म्हटल्यावर कोण येतो?"

हातातली परात तिने खाली ठेवली. पाटील परत आले तरी ती आत गेली नाही, तिथेच उभी राहिली.

"भावजी, ह्यास्नी सांगा," ती म्हणाली.

"गप ऱ्हा गं."

"न्हाई. सांगा. न्हाईतर म्या सांगते." आणि पाटलांच्या परवानगीची वाट न पाहता ती माझ्याकडे वळली. "सायेब, बाप्ये हायेत. समदं हायेत. वर धनगरवाड्यावर जाऊन बसल्यात."

मी पाटलांकडे पाहिले. पाटील खाली बसले, त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि मग सगळे सांगितले.

ज्या मुलखात दवंडी ऐकली की लोक काय आहे ते पाहायला धावत सुटतात, अशा पुण्यात मी वाढलो. सावरखिंडीत दवंडी ऐकली की लोक डोंगरावर जातात. त्यांच्या आजाच्या काळापासून जातात. सरकारचे साहेब येणार, कर्त्या बाप्यांनी चावडीपुढे हजर राहावे, याचा त्यांना एकच अर्थ ठाऊक: वेठ. साहेबांचे तंबू वाहा, पेट्या वाहा, पाहुण्यांच्या शिकारीला हाका घालून रान उठवा, हातचे काम टाकून आठ आठ दिवस रानोमाळ फिरा आणि वर शिव्या खा. इकडे संस्थानात तसे, खिंडीपलीकडे इंग्रजी मुलखातही तसेच. वेठ बंद झाली असे वरचे लोक म्हणतात. ते म्हणणे डोंगर चढून सावरखिंडीपर्यंत आलेले नव्हते. दवंडी मात्र आली होती.

"आन् वर ते शेट इचारत्यात, वझं उचलनारं किती हायेत," पाटील म्हणाले. "मंग म्या काय म्हनायचं, सांगा?"

हौसाबाई म्हणाली, "आमच्याकडलं मानूस ममईला गोदीत हाय. वर्साकाठी दोन डाव येतंय. पोरगी चार वर्साची झाली, बाप आला की रडतीया, वळखत न्हाई. आता रजेवर आलंय, शिमग्याआदी पुना जानार. हितं कारकाना निगाला तर त्येस्नी घेतील का?"

"घेतील," मी म्हणालो. "गोदीत काम केलेला माणूस कोण सोडतो?"

"मंग सायेब, तुमी वर चला. म्होरं काय करायचं त्ये बाप्यांस्नी सांगा."

धनगरवाड्यावर

पाटील आणि मी चढायला लागलो. चढ असा की पाटील बोलत होते आणि मी नुसते हुंकार देत होतो. वर माथ्यावर सपाटी आहे, तिथे धनगरांची तीन-चार खोपटी, शेळ्या-मेंढ्यांचा वाडा आणि म्हशी. आणि खोपटांच्या मागे, उन्हाला पाठ करून, सावरखिंडीचा सगळा कर्ता गडी घोंगड्यांवर बसून चिलीम ओढत होता. मनासारखा मजूरवर्ग. धट्टाकट्टा, रिकामा आणि हजर. तात्यासाहेबांनी वर्णन केले होते तंतोतंत तसाच, फक्त दीड हजार फूट वर.

माझे बूट दिसले मात्र, सगळे उठून कड्याच्या बाजूने पळाले. मी दम घेत दगडावर बसलो आणि पाटील ओरडत राहिले, "आरं थांबा, ह्यो धरायला न्हाई आल्येला!" एक धनगरीण म्हातारी खोपटातून बाहेर आली, तिने मला निरखले आणि वाटीभर दूध आणून दिले. "ह्यो कुनाला धरनार?" ती पाटलांना म्हणाली. "ह्येलाच कुनीतरी धराया पायजेल." मग एकेक जण परत आला.

मी सगळे सांगितले. हौसाबाईचा नवरा गणपत पुढे बसला होता. मुंबईची टोपी, मुंबईचा सदरा. तो शेवटी म्हणाला, "शिवडीला बगितलाय म्या काड्यापेटीचा कारकाना. चांगलं काम हाय. सावलीतलं." मग टोपी सारखी करत, "मंग दवंडीत कारकाना असं का न्हाई सांगितलं?"

हा प्रश्न मीही मनात विचारत होतो. दुसरा एक जण म्हणाला, "आता बोलून काय उपेग? शेट गेलं न्हवं."

"भोरला मुक्काम आहे त्यांचा," मी म्हणालो. "उद्या दुपारी निघणार. उद्या सकाळी आपण सगळेच जाऊ आणि त्यांच्यापुढे उभे राहू."

कुजबुज झाली. आपण होऊन सरकारपुढे जाऊन उभे राहायचे, ही कल्पनाच त्यांना झेपेना. गणपत उठला आणि घोंगडी झटकून म्हणाला, "म्या जातो." मग एकेक करत बहुतेक सगळे उठले.

पुन्हा भोर

वरातीमागून घोडे कसे जाते ते मला त्या दिवशी चालून कळले. दिवस उगवायच्या आत आम्ही निघालो. पुढे गणपत, मागे माणसांची रांग, प्रत्येकाने धुतलेला सदरा घातलेला. एकाने तर फेट्याला सावरीचे फूल खोवले होते. वाटेत मी त्यांना कारखान्याच्या गोष्टी सांगत होतो. ओंडका कसा सोलतात, काड्या कशा पडतात, गूल कसा लावतात. ते इतके मन लावून ऐकत होते की मलाही वाटायला लागले, जमेल.

भोरला पोचलो तेव्हा वेशीवरच्या कमानीची पाने सुकली होती. शेटजी आदल्या संध्याकाळीच निघून गेले होते. चपला चावत होत्या म्हणे.

मंडप काढण्याचे काम चालले होते आणि तात्यासाहेब तिथे कंबरेवर हात देऊन उभे होते. आम्हाला पाहून ते थक्क झाले. मी त्यांना बाजूला घेऊन सारे सांगितले आणि न राहवून विचारले, "तात्यासाहेब, दवंडीत कारखान्याचा एक शब्द घातला असता तर?"

"मुद्दाम घातला नाही," ते म्हणाले. "कारखाना म्हटले की जमिनीचे भाव चढतात. हे फार गुपचूप करायचे काम असते, दामले."

सनई वाजवून, कमान उभारून, वकिलांची भाषणे ठेवून केलेले हे गुपचूप काम होते. ते ज्यांच्यापासून गुप्त ठेवायला नको होते, तेवढ्यांच्यापासूनच गुप्त राहिले.

तात्यासाहेबांना मनापासून वाईट वाटले, हे मी पाहिले. ते सुस्कारा टाकून त्या माणसांकडे वळले. "काल आला असतात तर केवढे काम झाले असते," ते म्हणाले. मग त्यांची नजर मंडपातल्या बाकांवर गेली. "बरे, आता आलाच आहात, तर एवढी बाके शाळेत पोचती करा. आणि त्या सतरंज्या गुंडाळा. खांब तेवढे नदीकडे नेऊन टाका."

मी म्हणालो, "अहो, ही वेठ झाली."

"वेठ कसली? हातासरशी होणारे काम आहे." त्यांना खरोखरच त्यात काही वावगे दिसत नव्हते.

मी माणसांकडे पाहिले. मला वाटले, आता कोणीतरी बोलेल. फेट्यात फूल खोवलेल्याने बाकाचे एक टोक धरले, गणपतने दुसरे धरले. दुपारपर्यंत ते काम चालले. मी पोस्टात जाऊन शेटजींना तार केली, माणसे आहेत, परत या. मग येऊन मीही सतरंज्या गुंडाळू लागलो. तात्यासाहेबांना ते फार लागले. "दामले, तुम्ही कशाला? माणसे आहेत की," ते म्हणाले.

वेल्ह्याच्या वाटेवर

पुढचा प्रवास लिहायला फारसा नाही. गावच्या माणसांबरोबर मी परत सावरखिंडीला आलो, दोन दिवस रानात हिंडून लाकूड पाहिले, आणि खिंड ओलांडून वेल्ह्याला उतरलो. तिथे इंग्रजी अंमल. चावडीतल्या कारकुनाने मला चहा पाजून तक्रार केली की संस्थानात सवलती देतात म्हणून सगळे तिकडे जातात, इकडे एक कारखानदार फिरकत नाही. मी विचारले, "तुमच्याकडे दवंडी देतात का?" तो अभिमानाने म्हणाला, "देतात की." पानशेतला नदी उतरताना माझा पाय घसरला आणि सावरीचे सगळे नमुने वाहून गेले. ते वाहून गेल्याचे मला मुळीच वाईट वाटले नाही. पुण्याला पोचलो तर तारेचे उत्तर येऊन पडले होते. शेटजींनी कुर्ल्याकडची जागा ठरवलीसुद्धा होती.

या वाटेवर माझ्याबरोबर गणपत होता. त्याची रजा शिमग्यापर्यंत होती, पण पुण्यापर्यंत सोबत आहे आणि इथे बसून करायचे काय, म्हणून तो लवकरच निघाला. सांगायचे राहिले आहे ते आम्ही सावरखिंडीतून निघालो तेव्हाचे.

हौसाबाई आम्हाला खिंडीपर्यंत पोचवायला आली. कडेवर पोरगी होती. चार दिवसांत पोरीची बापाशी ओळख झाली होती, त्यामुळे ती आता तो जातो म्हणून रडत होती. गणपतने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, बायकोच्या हातातले भाकरीचे फडके घेतले आणि काही न बोलता उतरायला लागला. मी रेंगाळलो. काहीतरी धीराचे बोलावे म्हणून म्हणालो, "बाई, एक शेट गेला म्हणून काय झाले. दुसरा कोणी येईल."

ती खाली वाटेकडे पाहत होती.

"दादा," ती म्हणाली, "त्या दिशी दवंडी झाली तवा ह्ये डोंगरावर जायला तयार नव्हतं. म्हनं, रजेवर आलोय, मला कोन धरतंय, ममईचा मानूस म्या. म्याच मागं लागून धाडलं. म्हनलं चार दिस घरी आल्यात, त्ये बी येठीत कशाला घालवायचं. भाकरी बांदून दिली आन् म्हनलं जावा. ह्ये एकलं जरी चावडीफुडं ऱ्हायलं असतं, तर शेटला कसलं काम हाय त्ये इचारलं असतं."

पोरगी रडायची थांबली होती आणि खाली लहान होत चाललेल्या टोपीकडे बोट दाखवत होती. हौसाबाईने तिला दुसऱ्या कडेवर घेतले.

"पुना कुनी आलं," ती म्हणाली, "तर दवंडी पिटू नका म्हनावं. गुमान या म्हनावं. मानसं घरीच आसत्यात."